२६१ भागिले ८७

मंडळी, आधी एक सोपं गणित. २६१ भागिले ८७ किती? बरोबर ३. बाकी शून्य.

आता हे आकडे आले कुठून ते सांगतो. २६१ ही नगर-बीड-परळी रेल्वेमार्गाची किलोमीटरमधली लांबी. आमच्या बीडकडे हा आकडा पोरासोरांना सुद्धा पाठ असतो, कारण तीस वर्षं तो दर निवडणुकीत आणि दर बजेटच्या दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचलेला आहे. आणि ८७ आला पुण्यातून. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथल्या गाड्या, सिग्नल, माणसं, घरं, सगळं खऱ्याच्या सत्याऐंशीव्या हिश्श्याचं. छोट्या रेल्वेचे शौकीन लोक या मापाला 'एचओ' म्हणतात, आणि जगभर हेच माप सर्वांत जास्त चालतं.

म्हणजे उद्या कोणी वेड्या माणसाने आमची अख्खी नगर-बीड-परळी रेल्वे या मापात मांडायची ठरवली, तर त्याला बरोबर ३ किलोमीटर रूळ लागतील. कोथरूडहून डेक्कनपर्यंत चालत जावं, साधारण तेवढं! हे गणित सुचलं आणि मग डोक्यातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच.

सुट्टीत आलेल्या भाचेमंडळींना घेऊन आम्ही ते संग्रहालय बघायला गेलो होतो. भाऊसाहेबांना रेल्वेचा नाद होता. आधी त्यांनी हलवता येईल असा देखावा तयार करून प्रदर्शनांतून दाखवला, आणि पुढे १९९८ मध्ये हे कायमचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. एका खोलीत एक अख्खं शहर. त्यातून गाड्या धावतात, सिग्नल लाल-हिरवे होतात, उड्डाणपूल आहेत, डोंगरावर चढणारी दोरीची गाडी आहे, सर्कस आहे, मोटारीत बसून बघायचं थिएटर सुद्धा आहे. मध्येच खोलीतले दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि इवल्या इवल्या खिडक्यांतून उजेड दिसायला लागतो. तेव्हा मोठी माणसं सुद्धा पोरांसारखी पुढे वाकतात. मीही वाकलो.

भाच्याने विचारलं, "मामा, हे कुठलं गाव आहे?"

कुठलंच नाही. ते मनातलं गाव आहे, आणि त्यात काही गैर नाही. ज्याने मांडलं त्याला रेल्वेची सगळी गंमत एका ठिकाणी दाखवायची होती. पण प्रश्न मनात राहिला. एखाद्या खऱ्या गावाचा, खऱ्या जिल्ह्याचा इतिहास असा मांडता येईल का? जर्मनीत हॅम्बर्ग शहरात २००१ पासून याच मापाचं एक प्रचंड मोठं प्रदर्शन आहे. त्यात एक भाग असा आहे की एकच जागा वेगवेगळ्या सालात कशी दिसत होती ते ओळीने मांडलंय. महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली, मध्ये भिंत आली, आणि शेवटी ती पडली. जागा तीच, बदलतं फक्त साल. वाचलं तेव्हाच वाटलं, की आपल्या बीडचं असं करायला पाहिजे. तर चला, निदान कागदावर तरी मांडून बघू. टेबल एकच, त्यावर बीड जिल्हा. साल बदलत जायचं.

पहिलं साल: १९००

टेबलाच्या मधोमध बीड गाव. बिंदुसरा नदी, कंकालेश्वराचं देऊळ, आणि खालून वर चढत गेलेली बालाघाटाची रांग. वरच्या कडेला, म्हणजे उत्तरेला, गोदावरी. ती आपल्या जिल्ह्याची हद्दच आहे.

आता रूळ कुठे घालायचे? पश्चिमेच्या टोकाला, टेबलाच्या अगदी काठावर नगर. तिथून दौंड-मनमाड लाईन १८७८ पासून चालू होती. पण नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उत्तरेला गोदावरीच्या पलीकडून १९०० च्या आगेमागे निजामाची मीटरगेज लाईन सुरू झाली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत थेट हैदराबादला. म्हणजे एक लाईन पश्चिमेकडून गेली, एक उत्तरेकडून, आणि बीड जिल्ह्यात एक खिळा सुद्धा नाही.

हे साल मुद्दाम निवडलंय. १८९९-१९०० चा दुष्काळ बीड जिल्ह्याला फार भोवला. त्याआधी १८९७ चा होऊन गेलेलाच होता. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ९२ हजार भरली. आधीच्या दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीपेक्षा ती लाखाहून अधिक कमी होती. रेल्वे असती तर हे टळलं असतं असा दावा मी करत नाही. रेल्वे असलेल्या मुलखातही त्या काळी माणसं मेलीच. पण एक गोष्ट साधी आहे. दुष्काळात चारा नसतो, आणि चारा नसला की बैल मरतात. मग लांबच्या ठाण्यावर धान्याची पोती उतरली तरी ती घाट चढून आत आणायची कशाने? बैलगाडीच्या भरवशावर असलेल्या मुलखात दुष्काळ आधी वाहतूकच मारतो. टेबलावर हे दाखवायचं तर फक्त रिकाम्या बैलगाड्या ठेवायच्या. जू खाली टेकलेल्या.

दुसरं साल: १९३५

या सालात टेबलाच्या काठावर बरीच वर्दळ दिसायला लागते. दक्षिणेला बार्शी लाईट रेल्वे. ही मंडळींच्या घरात अजून आठवणीत असेल. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने काढलेली ही नॅरोगेज, रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १८९७ मध्ये ती कुर्डूवाडीपासून बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. पूर्वेला, १९३० च्या आसपास, निजामाची ब्रॉडगेज विकाराबादहून बिदर, उदगीर करत परळीला आली, आणि परभणीकडून मीटरगेजही परळीला येऊन मिळाली.

म्हणजे परळी वैजनाथ हे आपल्या जिल्ह्याचं पहिलं मोठं रेल्वे ठाणं. तिथे दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ भेटायचे! बरोबर इथे मला त्या छोट्या रेल्वेचं अंकगणित फार आवडतं. एचओ मापाच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं, कारण ते युरोपातल्या रुळांवरून ठरवलेलं आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातं. मीटरगेज साडेअकरा होतं आणि बार्शीची नॅरोगेज पावणेनऊ मिलिमीटर. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तयार रुळांवर आपली परळी मांडताच येणार नाही. तिचे रूळ हातानेच करावे लागतील.

आमचे आजोबा शिकायला हैदराबादला गेले ते याच परळीहून. अंबाजोगाईहून बैलगाडीने परळी, आणि तिथून गाडीत बसलं की विकाराबादवरून हैदराबाद. त्यांना पुणं लांब वाटायचं आणि हैदराबाद जवळ. आम्ही लहानपणी हसायचो. नकाशा बघितल्यावर कळलं, की त्यांचं बरोबर होतं. कचेरी, कोर्ट, कॉलेज, सरकारी कागदाची भाषा, सगळं त्या दिशेला होतं, आणि रूळही त्याच दिशेला गेले होते.

आता जरा टेबलापासून दोन पावलं मागे सरका आणि वरून बघा. पश्चिमेला १८७८, उत्तरेला १९००, दक्षिणेला १९११, पूर्वेला १९३०. चारी बाजूंनी रूळ. एक भलंमोठं रिंगण तयार झालंय आणि त्याच्या मधोमध बीड गाव जसंच्या तसं. हे रिंगण कोणी बीडवर राग धरून आखलं नाही. प्रत्येक लाईनला तिचं तिचं कारण होतं. इंग्रजांना आपल्या मुलखातून जायचं होतं आणि निजामाला आपल्या राजधानीला जायचं होतं. नगर ते बीड सरळ लाईन टाकायची तर मध्ये दोन राज्यांची हद्द. ती ओलांडून बीडला जाण्यात कोणाचंच काही अडलेलं नव्हतं. बीड दोन्ही राज्यांचा काठ होतं, आणि काठावरच्या गावाला रूळ मिळत नाहीत. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकापेक्षा या मनातल्या टेबलाने जास्त चांगली समजावली.

तिसरं साल: १९६०

या सालात टेबलावर काहीच बदलत नाही, हीच यातली गंमत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बारा वर्षांत आपली राजधानी हैदराबादहून उचलून मुंबईला ठेवली गेली! पण रूळ होते तिथेच. परळीच्या गाड्यांची तोंडं अजून हैदराबादकडेच. मुंबईला जायचं तर परभणीवरून मीटरगेजने मनमाड, तिथे सामान डोक्यावर घेऊन गाडी बदला, मग पुढे ब्रॉडगेज. मनमाडकडचं मीटरगेज ब्रॉडगेज व्हायला १९९० चं दशक उजाडलं. तोपर्यंत बीडचा माणूस रेल्वेची वाट न बघता लाल डब्यात बसला. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली होती. पुढे तीच आपली खरी रेल्वे झाली. नगरच्या स्टँडवर पहाटे तीन वाजता चहा प्यायला नाही असा बीडकर शोधून दाखवा!

चौथं साल: कुठलंही, पण दिवाळीनंतरचं

या देखाव्याला विशिष्ट साल नको, कारण तो दरवर्षी होतो. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. माणसाचं नावच हत्यारावरून पडलंय, ह्यावर आणखी काय लिहायचं... ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं, म्हातारी माणसं, आणि निघाले पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. काही लाख माणसं जातात आणि सहा महिन्यांनी परत येतात.

मला हा देखावा या टेबलावर हवाच आहे, कारण बीड जिल्ह्यातली सर्वांत मोठी वाहतूक हीच आहे आणि ती कधी रेल्वेने झाली नाही. रेल्वेचा इतिहास म्हणून आपण फक्त इंजिनांची चित्रं लावली तर ही माणसं त्यात कुठे दिसणारच नाहीत. सत्याऐंशीव्या हिश्श्याचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. दिसायला तसाही अवघडच. पण तो टेबलावर असायला हवा.

पाचवं साल: २०१६

२०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. विचार करा, त्या केंद्राला कोळसा येतो तो रेल्वेने, शेकडो मैलांवरून. कोळशासाठी रूळ होते, पाणीच नव्हतं. त्याच दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सोडली. पहिल्या खेपेला १० टाक्यांमधून सुमारे ५ लाख लिटर. पेपरात, टीव्हीवर सगळीकडे तिचे फोटो होते.

ती गाडी ज्या वाटेने आली तो मिरज-कुर्डूवाडी-लातूर रस्ता, म्हणजेच आपली जुनी बार्शी लाईट! अडीच फुटांचे रूळ काढून त्याच्या जागी ब्रॉडगेज झालं होतं. पावणेनऊ मिलिमीटरच्या त्या खेळण्यासारख्या लाईनने शंभर वर्षांनी एका शहराला पाणी पाजलं. बीडला तोच दुष्काळ होता. पण बीड गावात रूळच नव्हते, त्यामुळे पाण्याची गाडी येण्याचा प्रश्नच आला नाही. टँकर आले. रेल्वे कशाला हवी, बस आहेत की, असं म्हणणाऱ्या आमच्या पुण्यातल्या मित्रांना मी हे साल सांगतो. रूळ रोज लागतातच असं नाही, पण ज्या दिवशी लागतात त्या दिवशी ते आधीपासून असावे लागतात.

सहावं साल: २०२५

नगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी मिळाली १९९५ च्या सुमारास. तेव्हाचा अंदाज होता ३५३ कोटींचा. पुढे तो ४,८०५ कोटींवर गेला. खर्चाचा निम्मा वाटा राज्य सरकारने उचलायचा ठरलं. मागणी त्याच्याही कितीतरी आधीची. केशरकाकू क्षीरसागरांनी ती लावून धरली, गोपीनाथ मुंड्यांनी लावून धरली, आणि गाडी बीडला आलेली बघायला दोघांपैकी कोणीच नव्हतं. आमच्या घरातलीही किती माणसं मध्ये गेली. आजोबा गेले, आत्या गेली. आत्या दर वेळी विचारायची, "आली का रे गाडी?" आणि आम्ही म्हणायचो, "येतीय, येतीय."

२३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आपल्या मापात साधारण ७६० मीटर. मग कडा, आष्टी, अमळनेर, रायमोहा, राजुरी असं करत १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी, बीड स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी निघाली. नगरचं नाव तोपर्यंत अहिल्यानगर झालं होतं. म्हणजे ज्या गावापर्यंत लाईन मागितली होती त्या गावाचं नाव बदललं, पण लाईन पुरी व्हायची होती. नगर ते बीड सुमारे १६८ किलोमीटर. ८७ ने भागा, दोन किलोमीटरला जरासं कमी. पुढे वडवणी, सिरसाळा करत परळीपर्यंतचा टप्पा त्या दिवशी बाकी होता. टेबलावर एक किलोमीटर आणि वर थोडंसं. ते झालं की १८७८ ची नगरची लाईन आणि निजामाची परळीची लाईन एकमेकींना पहिल्यांदा बीडमधून भेटतील. दोन राज्यांच्या मधली जी हद्द कागदावरून १९४८ मध्येच पुसली, ती जमिनीवरून तेव्हा पुसली जाईल.

आता या रेल्वेने पोरं बाहेर जाणार, का बाहेरचं काम आत येणार, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. दोन्ही होईल. कोथरूडच्या त्या मनातल्या गावात गाडी आली की सगळं आपोआप चालू होतं, दिवे लागतात, सर्कस फिरते. खऱ्या गावात तसं बटण नसतं. पण ऊस तोडायला जाणाऱ्याला सहा महिन्यांच्या मधे दोन दिवस घरी येऊन शाळेतल्या लेकराला बघून परत जाता आलं, तरी माझ्या हिशोबी रेल्वे पावली.

असो. टेबल काही मी करू शकणार नाही, माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला की घरचे लांब होतात. पण माहिती गोळा करून ठेवावी असं मनापासून वाटतंय. परळीचं मीटरगेज ज्यांनी पाहिलंय अशी माणसं आपल्याच नातेवाइकांत अजून आहेत. दादा, नाना, धारूरच्या मावशी, तुम्हाला जे आठवतं ते लिहा, नाहीतर फोनवर सांगा, मी उतरवून घेतो. ब्रॉडगेजचा फलाट कुठल्या बाजूला होता आणि मीटरगेजचा कुठल्या? मधून पायी जायला पूल होता का रूळच ओलांडायचे? पाण्याची टाकी कुठे होती? चहावाला फलाटावर कुठल्या भाषेत ओरडायचा? उर्दूत, तेलुगूत, का आपल्या मराठीत?